मदत हवी आहे: घरी बांधलेल्या विमानावर एन-नंबर (नोंदणी क्रमांक) 3 इंची चालतो की 12 इंचीच लागतो? (अमेरिका)

नमस्कार मंडळी,

विषय आडवाटेचा आहे, पण इथे अमेरिकेत विमान उडवणारे दोन-चार जण आहेत म्हणून विचारतो. मी आणि एक मित्र टेक्सासमध्ये किटवरून आरव्ही-9ए बांधतोय. दोन सीट, 160 अश्वशक्तीचं इंजिन. रिव्हेट मारून झाले, आता रंगकाम, आणि घोडं अडलंय ते नोंदणी क्रमांकापाशी.

रंगारी म्हणतो 12 इंची अक्षरंच लागतात. हँगरमधले शेजारी म्हणतात 3 इंच पुरे. बटर पेपरची 12 इंची अक्षरं कापून मास्किंग टेपने चिकटवून पाहिली. 'एन' आणि पुढे पाच, प्रत्येक 8 इंच रुंद, मध्ये 2 इंच जागा, म्हणजे सगळे मिळून 58 इंच! मागचं धड शेपटीकडे निमुळतं होत जातं, त्यामुळे शेवटचं अक्षर कडेला टेकतंय आणि मधलं एक नेमकं स्टॅटिक पोर्टवर (बाहेरच्या हवेचा दाब घेणारं भोक) येतंय. भोक बुजलं तर वेग आणि उंची दोन्ही चुकीची दिसणार.

त्यात मुलीची फर्माइश: नंबर देवनागरीत, मागे सावली असलेल्या अक्षरांत. शिवाय पुढच्या वर्षी फ्लोरिडावरून बहामाला जायचा बेत आहे. त्याने काही फरक पडतो का?

गगनविहारी:
शेजाऱ्यांचं बरोबर आहे. एफएएच्या (अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन) नियमांचा भाग 45, कलम 45.29 बघा. साध्या विमानाला 12 इंच. पण हौशी बांधणीच्या प्रायोगिक विमानाचा कमाल क्रूझ वेग 180 नॉटच्या (ताशी सागरी मैल) वर नसेल तर 3 इंच चालतात. हे नॉट कॅलिब्रेटेड एअरस्पीडचे (वेगमापकावरचा, चूक दुरुस्त केलेला वेग), त्यामुळे 8,000 फुटांवरचा ट्रू एअरस्पीड (हवेतला खरा वेग, उंचीवर तो जास्त निघतो) बघून दचकू नका. तुमच्या इंजिनावर 9ए तिथवर जात नाही.

प्रमाण मात्र तेच राहतं. रुंदी उंचीच्या दोन-तृतीयांश, रेषेची जाडी एक-षष्ठांश, दोन अक्षरांत रुंदीच्या किमान पाव भाग जागा. 3 इंचांना 2 इंच रुंदी, अर्धा इंच जाडी, म्हणजे तुमचा नंबर साडेचौदा इंचांत बसेल. 'एम' आणि 'डब्ल्यू' उंचीइतके रुंद चालतात, आणि 1 चा आकडा उंचीच्या एक-षष्ठांश. दोन्ही बाजूंना मापं सारखी हवीत. धडावर लावणार असाल तर पंखाची मागची कड आणि आडव्या स्टॅबिलायझरची (आडवी शेपटी) पुढची कड यांच्या मध्ये. उभ्या शेपटीवरही चालतो.

मुलीला सांगा, नंबर रोमन अक्षरांतच, भरीव रेषांचा, नक्षी नाही, आणि पार्श्वभूमीवर उठून दिसणाऱ्या रंगात. नाकावर देवनागरीत नाव खुशाल लिहा, फक्त त्याने नंबर वाचायचा घोटाळा होता कामा नये. आणि कॉकपिटच्या दाराशी 'एक्स्परिमेंटल' हा शब्द 2 ते 6 इंच उंचीचा हवा. नंबरच्या नादात लोक नेमका तोच विसरतात.

बहामाचं मात्र वेगळं. येता-जाता हवाई संरक्षण ओळख क्षेत्र, म्हणजे एडीआयझेड, ओलांडावं लागतं. तिथे 12 इंची नंबर लागतोच. पण तात्पुरता चालतो.

उंटावरचा शहाणा:
आपल्याकडे अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, त्याचा नंबर व्हीटी-एनएमडी. तिथे 3 इंच चालतील का?

गगनविहारी:
नाही हो, तो डीजीसीएचा, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाचा कारभार. 3 इंचांची सवलत अमेरिकेची घरगुती आहे. नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय (शिकागो) करारातलं परिशिष्ट 7 धडावर किमान 30 सेंटीमीटर सांगतं. 12 इंच म्हणजे जवळपास तेवढेच.

धागाकर्ता:
गगनविहारी, मनापासून आभार. 3 इंची नंबर रंगात करतो, स्टॅटिक पोर्टपासून लांब. बहामासाठी 12 इंची विनाइलचा. तो पोर्ट टाळून बसवायला जागा पुरत नाही, म्हणून उभ्या शेपटीवर दोन ओळींत लावायचा विचार होता. असं कुणी केलंय का? आणि विनाइल उपटताना नवा रंग सोबत निघू नये म्हणून रंग किती वाळू द्यावा? रंगाऱ्याला विचारलं तर तो अजून 12 इंचांवरच अडून बसलाय.