स्वमग्न मुलासाठी केलेली चित्रकार्डे वर्गात वापरात कशी आणावीत?

प्रश्न : प्राथमिक शिक्षिका, करवीर तालुका

मी करवीर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीचा वर्ग शिकवते. वर्गात ३४ मुले असून त्यांतील एक मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. तो आठ वर्षांचा आहे. त्याला चार-पाच शब्द येतात, परंतु गरजेच्या वेळी ते तोंडातून निघत नाहीत आणि मग तो स्वतःच्या हाताला चावतो किंवा माझा हात धरून मला दाराकडे ओढत नेतो. उन्हाळी सुट्टीत मी इंटरनेटवरून चित्रे घेऊन ६० कार्डे छापली, लॅमिनेट केली आणि एका कडीत ओवली. फळे, प्राणी, वाहने, भावना असे त्यांचे गट केले. शाळा सुरू होऊन दीड महिना झाला, तरी तो त्यांच्या साहाय्याने काहीही सांगत नाही. कार्डे हाती पडली की ती फरशीच्या रेघेवर ओळीने मांडतो आणि कोणी एखादे उचलले तर रडतो.

चित्रांची सवय लागली तर येतात तेही शब्द जातील, अशी भीती त्याच्या आईला वाटते. मुख्याध्यापकांना ही कार्डे भिंतीवर लावलेली हवी आहेत, म्हणजे शाळा पाहायला येणाऱ्यांच्या ती नजरेस पडतील. माझे कोठे चुकते आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : विशेष शिक्षक, राजारामपुरी

बाई, आपल्या ६० कार्डांपैकी त्या मुलाला स्वतःहून मागावीशी वाटेल अशी वस्तू किती कार्डांवर आहे, हे आधी पाहावे. सफरचंद, जिराफ, हसरा चेहरा ही आपण त्याला शिकवू इच्छितो ती नावे झाली. तो आपल्याला जे सांगू पाहतो, ते बहुधा त्यांत नाही. वर्गातील चित्रे दोन वेगळ्या कामांसाठी असतात. दिवसाचे चित्रवेळापत्रक शिक्षकाचे म्हणणे मुलापर्यंत नेते आणि मागणीचे कार्ड मुलाचे म्हणणे शिक्षकापर्यंत आणते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉपलर यांनी स्वमग्न मुलांसाठी उभारलेल्या ‘टीच’ कार्यक्रमाने वेळापत्रकाचे काम पुढे नेले, तर मागणीसाठी अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये डेलावेअर राज्यात चित्रांच्या देवघेवीची ‘पेक्स’ ही पद्धत तयार केली. आपल्या कडीत ही दोन्ही कामे आणि शब्दसंग्रहाचा तास असे सगळेच एकत्र झाले आहे.

पेक्सचे सहा टप्पे असून पहिल्या टप्प्यात एकाच कार्डावर काम होते. मुलाला मनापासून आवडणारी वस्तू शोधावी. समजा, ती भडंग आहे. एक व्यक्ती समोर भडंगाची वाटी घेऊन बसते आणि दुसरी मुलाच्या मागे असते. मुलाने वाटीकडे हात नेताच मागची व्यक्ती न बोलता त्याचा हात कार्डाकडे वळवते, ते उचलायला आणि समोरच्या तळहातावर ठेवायला मदत करते. कार्ड मिळताच समोरची व्यक्ती ‘भडंग!’ म्हणून लगेच चिमूटभर देते. वाटी एकदम दिली तर देवघेव एकदाच होईल, म्हणून चिमूटच द्यावी. ‘काय पाहिजे?’, ‘कार्ड दे’ असे काहीही विचारू नये, अन्यथा मूल प्रश्नाची वाट पाहत बसते आणि स्वतःहून सुरुवात करायला शिकत नाही. मागच्या व्यक्तीची मदत हळूहळू कमी करावी. दुसऱ्या टप्प्यात कार्ड आणि माणूस दोन्ही लांब नेले जातात, आणि दोन चित्रांमधून योग्य चित्र निवडणे तिसऱ्या टप्प्यात येते. म्हणजे जे काम तिसऱ्या टप्प्याचे, ते आपण ६० चित्रे देऊन पहिल्याच दिवशी मागितले.

चौथ्या टप्प्यात वाक्यपट्टी, म्हणजे कार्डे ओळीने लावून वाक्य करायची पट्टी, येते आणि तेथे मराठीचा विचार वेगळा करावा लागतो. इंग्रजी संचात ‘मला हवे’ या अर्थाचे एकच कार्ड पट्टीच्या सुरुवातीला असते. आपले क्रियापद शेवटी येते, त्यामुळे ‘मला’ डावीकडे, वस्तू मध्ये आणि क्रियापद उजवीकडे अशी तीन ठिकाणे ठेवावीत. क्रियापद ‘पाहिजे’ असेच छापावे. ‘हवा’, ‘हवी’, ‘हवे’ हे लिंगानुसार बदलत राहते. ‘पाहिजे’ चेंडूलाही चालते, खिचडीलाही आणि पाण्यालाही. कोल्हापुरात घरोघरी तोच शब्द कानावर पडतो, हा आणखी एक फायदा.

इंटरनेटवरील चित्रांऐवजी शाळेतील ताटाचा, त्याच्याच बाटलीचा फोटो घ्यावा. फोटोही उमगत नसेल तर प्रत्यक्ष वस्तूपासून सुरुवात करावी. कार्डामागे वेल्क्रो लावावा. महाद्वार रोडवर शिवणाचे सामान मिळते तेथे तो मीटरवर मिळेल. भिंतीवर वेळापत्रक खुशाल लावावे, पण मागणीची कार्डे मुलाच्या हाताशीच असली पाहिजेत.

उत्तर २ : पालक, गंगावेस

मी त्या आईच्या भीतीबद्दल लिहिते, कारण ती भीती मी तीन वर्षे बाळगली होती. माझी मुलगी आता बारा वर्षांची आहे. ती पाच वर्षांची असताना सासूबाई, शेजारी आणि एक डॉक्टर सगळेच म्हणाले की चित्रे दिली तर ती आळशी होईल. नंतर वाणी-उपचार करणाऱ्या ताईंनी मला सांगितले की, २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी अशा साधनांवरील अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा ज्या २७ व्यक्तींची नोंद पुरेशी काटेकोर होती त्यांपैकी एकाचेही बोलणे साधनामुळे घटले नव्हते आणि बहुतेकांचे वाढले होते. वाढ बहुतांश लहानच होती, हेही त्यांनी लपवले नाही, आणि त्यामुळेच मला विश्वास वाटला.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. मागणीइतकेच लवकर ‘नको’चे कार्ड द्यावे आणि ते पाळावे. माझ्या मुलीने ते पहिल्यांदा वापरले ते मी केलेल्या उपम्यावर. मला राग आला होता, तरी मी ताटली उचलली. त्या दिवसापासून तिचे ताट भिरकावणे पुष्कळ कमी झाले. बाईंच्या वर्गातील मुलगा दाराकडे ओढतो, त्याअर्थी ‘बाहेर जायचे आहे’ हे कार्ड त्याला जिराफापेक्षा अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते. शाळेतील कार्डांचा दुसरा संच घरीही द्यावा.

उत्तर ३ : प्राथमिक शिक्षक, शाहूपुरी

वरील उत्तरे योग्य आहेत, परंतु ३४ मुलांच्या वर्गात भडंगाची वाटी धरायला एक आणि मुलाच्या मागे बसायला दुसरी अशी दोन मोठी माणसे आणायची कोठून, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. मी स्वतः या कारणाने पेक्स अर्धवट सोडले आहे.

चित्रवेळापत्रक मात्र एकट्या शिक्षकाला जमते. मी परिपाठ, वाचन, गणित, पोषण आहार, खेळ आणि घर अशी सहा चित्रे एका उभ्या पट्टीवर लावतो. काम उरकले की मूल ते चित्र काढून खालच्या पाकिटात टाकते. त्यात एक ‘बदल’ नावाचे कार्ड ठेवावे. पंचगंगेचे पाणी वाढले की शाळा अचानक सुटते, आणि आमच्या वर्गातील मुलाला ‘घर’ हे चित्र दुपारीच वर आलेले मुळीच सहन होत नसे. आम्ही ‘बदल’ हे कार्ड आधी गोड प्रसंगी शिकवले, म्हणजे गणिताऐवजी खेळ असा बदल करून, आणि नंतर पावसाच्या दिवशी वापरले.

लॅमिनेशन चकचकीत नसावे, एवढे जाता जाता सुचवतो. खिडकीचा उजेड पडला की कमी दृष्टीच्या मुलांना, आणि खरे तर कोणालाच, त्यावरचे काही दिसत नाही.

उत्तर ४ : विशेष शिक्षक, राजारामपुरी

सरांचा आक्षेप रास्त आहे. दोन माणसे दिवसभर लागत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस रोज दहा मिनिटे लागतात. मधल्या सुट्टीत आई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई किंवा शेजारच्या वर्गाच्या बाई यांपैकी कोणी मागे बसले तरी चालते, फक्त त्यांनी बोलायचे नाही, हे आधी समजावून सांगावे. आपल्याकडे मदत करणाऱ्याला गप्प बसवणे हेच सर्वांत अवघड जाते.

मुख्याध्यापकांना दाखवायला कायद्याचा आधारही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये, बोलण्याला पूरक आणि पर्यायी संवादपद्धतींच्या वापराला चालना देणे हे शासनाच्या कर्तव्यांत धरले आहे. चित्रे विकत घेण्याची गरज नाही. स्पेनमधील अरागॉन सरकारचे ‘अरासाक’ हे चित्रचिन्हांचे भांडार बिगरव्यावसायिक वापरासाठी मोफत आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे मोफत ॲप मराठीतही बोलते, परंतु मोबाइल हाती आला की हे मूल त्यावर काय पाहील, याचा विचार करून मी तूर्त कागदी कार्डेच सुचवतो.

प्रश्नकर्ती, तीन आठवड्यांनंतर

५७ कार्डे कपाटात ठेवली. भडंग, ‘बाहेर’ आणि ‘नको’ एवढीच बाहेर ठेवली, त्यांतही पहिले दहा दिवस फक्त भडंग. आई रोज मधल्या सुट्टीत येऊन मागे बसल्या. तेराव्या दिवशी त्याने मदतीशिवाय कार्ड माझ्या हातावर ठेवले. मंगळवारी तो ते घेऊन थेट स्वयंपाकघरात पोषण आहाराच्या ताईंकडे गेला. त्यांच्याकडे भडंग नव्हते, त्या गोंधळल्या आणि तो हाताला चावला. अशा वेळी काय करावे?

उत्तर ५ : विशेष शिक्षक, राजारामपुरी

तो दुसऱ्या माणसाकडे स्वतःहून कार्ड घेऊन गेला, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात शिरला. तूर्त ताईंकडे भडंगाची एक लहान बरणी ठेवावी आणि आणखी दोघांना तयार करावे, कारण या काळात प्रत्येक मागणी पुरी होणे आवश्यक आहे. बरणी रिकामी झाली की कार्डही त्याच्या हाताशी ठेवू नये. ‘आत्ता नाही’चे चिन्ह चित्रे निवडता येऊ लागल्यावर शिकवता येईल, आणि तेही प्रथम त्याला फारशा न आवडणाऱ्या वस्तूवर.