गेममध्ये शहर वसवणं हा अभ्यास धरायचा का? (घरी शिकणारा मुलगा, वय १४)

लातूरची_आई

नमस्कार. सातवी झाल्यावर आम्ही मुलाला शाळेतून काढलं, दीड वर्ष झालं तो घरीच शिकतो. एनआयओएसमधून (घरी शिकून परीक्षा देता येते ते राष्ट्रीय मुक्त शिक्षण मंडळ) दहावीला बसवायचंय. गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी नक्की आहेत, पाचवा विषय ठरत नाही.

तो 'सिटीज: स्कायलाइन्स' खेळतो, रोज अडीच-तीन तास. नदीकाठी शहर वसवायचं. रस्ते, वीज, पाणी, कर सगळं आपणच बघायचं. मागच्या महिन्यात त्याच्या शहरातली माणसं भराभर आजारी पडायला लागली. त्यानं दवाखाने वाढवले तरी आजार हटेना. दोन दिवस नुसती चिडचिड. तिसऱ्या दिवशी मी भाकरी करत होते, तिथं येऊन म्हणाला, "आई, सांडपाण्याचं तोंड मी पंपाच्या वरच्या अंगाला काढलं होतं. लोक तेच पाणी पीत होते." आणि लगेच, "आपलं सांडपाणी कुठं जातं?" मी याच गावात जन्मले, वाढले. मला सांगता आलं नाही.

मग मी त्याला २०१६ चा उन्हाळा सांगितला. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तो चार वर्षांचा होता, त्याला फक्त घागरींची रांग आठवते. त्यानं स्वतःहून वही काढली. पहिली गाडी १० वाघिणींची, सुमारे ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची आली, २५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत शहर ३ लाख ८२ हजारांचं. भागाकार केला, माणशी साडेसहा लिटर. मोरीतली बादली मोजली तर ती पंधरा लिटरची निघाली. बराच वेळ तो बादलीकडं बघत बसला. दीड वर्षात असा बसलेला मी त्याला पाहिला नव्हता.

पण त्याच आठवड्यात बीजगणिताचं पान काही उलटलं नाही. आणि घरात रोज ऐकते, "बाहेरगावचे लोक लेकरं घेऊन लातूरला क्लासला येतात, अन् तुझं लेकरू दिवसभर गेम खेळायलाय." मला उत्तर सुचत नाही. यातलं किती अभ्यासात धरायचं? नोंद कशी ठेवायची?

अंबाजोगाईचे_गुरुजी

ताई, एकतीस वर्षं गणित शिकवलं. तो भागाकार तुम्ही सांगून करवला असता तर पाच मिनिटांत विसरला असता. ती वही जपून ठेवा, तारीख घाला. नोंद म्हणून तेवढं पुरे.

आता पुढचं गणित द्या. सांडपाण्याची गटारव्यवस्था असलेल्या शहरासाठी आपल्याकडं नियोजनात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. मग लातूरला रोज किती लागलं? ५० वाघिणींच्या किती गाड्या? करील तो. बीजगणितही तिथंच आहे, कराचा दर क्ष धरा आणि शहराचा खर्च भागवायला किती घरं लागतील ते काढायला सांगा.

नळाचं_काम_नांदेड

ताई, मी पाइपलाइनची कामं घेतो. माझा पुतण्या हाच गेम खेळतो म्हणून बसून पाहिला. त्यात पाइप चढावर टाकला तरी पाणी आपसूक वर जातं. उताराचा, दाबाचा हिशेबच नाही. हे पोराला नक्की सांगा, नाहीतर तेच खरं वाटायचं. पारदर्शक नळी घ्या, दोन तोंडं वर धरून पाणी भरा, दोन्हीकडची पातळी बघू द्या. मिस्तरी लोक लेव्हल अशीच काढतात. संभाजीनगरला पाणचक्कीला पण न्या. डोंगरातलं पाणी नळातून आणून नुसत्या धारेवर जातं फिरवलंय.

परभणीहून_शुभा

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. माझी लेक पण घरीच शिकली. आम्ही असंच "शिकतेय की" म्हणत गेलो आणि पाच-सहा महिने हातचे गेले. एका चांगल्या दिवसाच्या आठवणीवर आपण पुढचे वीस दिवस सोडून देतो. शेवटी आम्ही ठरवलं, सकाळी पुस्तक, गेम दुपारी चारनंतर, दिवे लागणीला बंद. आणि एक विचारते, तो खेळतो कुणासोबत? शाळा सुटली की सोबतीही सुटतात. मला ते उशिरा कळलं.

लातूरची_आई

शुभाताई, राग कसला. एकटाच खेळतो, तुम्ही नेमकं धरलंत. कालपासून सकाळी बीजगणित सुरू केलंय, रडत-रखडत चाललंय. गुरुजी, रोज ५ कोटी १५ लाख लिटर आलं त्याचं, म्हणजे वीस गाड्या नि वर थोडं. बरोबर आहे का? पाचवा विषय त्यानं स्वतः निवडला, सामाजिक शास्त्र. रविवारी शेजारच्या दोन मुलांना घेऊन घरामागच्या नाल्याच्या कडेनं चालत निघणार आहेत, तो कुठं जाऊन मिळतो ते बघायला. मी पण जाणार आहे.