अनुभव धागा: नेता गावाबाहेर गेल्यावर तरुण संघाचे काय झाले?

सर्वांना सलाम.

मिरजेतील आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाचे काम मी सलग नऊ वर्षे पाहिले. २०१७ च्या जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याला गेलो आणि त्याच वर्षीच्या नाताळापर्यंत संघाची शनिवारची सभा बंद पडली होती. कोणाचे भांडण झाले नव्हते, पाळकसाहेबांचा विरोध नव्हता, निधीत पैसेही शिल्लक होते. सुट्टीत घरी आलो तेव्हा सभागृहाची किल्ली जूनमध्ये मी ज्या खिळ्याला अडकवली होती त्याच खिळ्याला होती. मधल्या सहा महिन्यांत ती मागायला कोणी आले नव्हते, आणि ती कोणाला द्यावी हे मीही जाण्यापूर्वी ठरवले नव्हते.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. गीतांची निवड मी करीत असे, मनन (बायबलच्या वचनावरील छोटे प्रवचन) मी देत असे, पाहुण्या वक्त्यांना मी बोलावीत असे आणि शिबिराचा हिशेब माझ्या वहीत असे. हे सर्व मी प्रभूवरील आणि त्या मुलांवरील प्रेमानेच केले, परंतु त्या कामाची सवय दुसऱ्या कोणाच्या हाताला लागू दिली नाही. आपल्या भागात तर ही चूक फार महागात पडते. साताऱ्याची आणि सांगलीची मुले बारावी किंवा पदवी झाली की पुण्या-मुंबईची वाट धरतात. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी सुरू केलेल्या मिशन रुग्णालयामुळे परिचारिका आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांचे जे येणे-जाणे सुरू झाले ते आजही चालू आहे, आणि त्यांतील बहुतेक तीन-चार वर्षांत निघून जातात. म्हणजे संघाला लाभणारा नेता मुळातच थोड्या काळाचा असतो.

म्हणून आपणा सर्वांना विनंती आहे की, आपल्या मंडळीत नेता गेल्यावर काम कोणी व कसे चालवले, किंवा ते का थांबले, हे सविस्तर लिहावे. मंडळीचे आणि व्यक्तींचे नाव घेऊ नये.

स्टाफ नर्स, मिरज

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना वसतिगृहातील मैत्रिणींबरोबर तरुण संघात जाऊ लागले. आमच्या ड्युट्या सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन पाळ्यांत असत, त्यामुळे ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी सर्वांनी जमणे अशक्यच होते. आमच्या तेव्हाच्या सचिवताईंनी यावर एक उपाय काढला आणि माझ्या मते तोच या धाग्यातील प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. प्रत्येक कामाला दोन माणसे नेमायची आणि ती दोघे कधीही एकाच वर्षाची नसतील असे पाहायचे. पेटी वाजवणारी तिसऱ्या वर्षाची असेल तर तिच्याशेजारी पहिल्या वर्षाची मुलगी बसे. मनन देणाऱ्याबरोबर एक जण वचन वाचायला उभा राहत असे आणि पुढच्या महिन्यात मनन त्याने द्यायचे, हे आधीच ठरलेले असे.

सुरुवातीला हे फार जड गेले. माझे पहिले मनन चार मिनिटांत संपले, मला रडू आले, आणि पुढच्या महिन्यात माझे नाव पुन्हा त्याच जागी लिहिलेले होते. ताईंनी माझे नाव काढले नाही, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. त्या गेल्या त्या आठवड्यातही सभा झाली आणि त्यांच्या निरोपाची प्रार्थना मी केली. मला वाटते, जोडीदाराच्या या पद्धतीत एकच अट पाळावी लागते: जो जुना आहे त्याने नव्याचे काम बिघडत असताना मध्ये पडू नये. आमच्या काही दादांना ते जमत नसे आणि मग जोडी केवळ कागदावर राहत असे.

सांगली, गावभागाजवळ राहणारा

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून बाहेरच्या वाचकांना कल्पना यावी. पाणी ओसरल्यावर आमच्या संघाने, जो तेव्हा जेमतेम आठ जणांचा होता, घरोघरी गाळ काढण्याचे काम हाती घेतले. घर कोणाचे आहे, कोणत्या धर्माचे आहे, हे आम्ही विचारले नाही. फावडी, घमेली आणि ब्लिचिंग पावडर घेऊन सकाळी सातला निघायचे आणि अंधार पडल्यावर परतायचे, असे सतरा दिवस चालले. एका आजोबांची जमिनीची कागदपत्रे आणि मुलीच्या लग्नातील छायाचित्रे आम्ही वर्गातल्या पंख्याखाली एकेक पान वेगळे करून वाळवली होती.

त्या दिवसांत आमच्याबरोबर तीसहून अधिक तरुण आले. त्यांतील कित्येक असे होते की जे नाताळाखेरीज चर्चमध्ये दिसत नसत. आम्हाला वाटले, संघाला नवे जीवन मिळाले. डिसेंबरपर्यंत ते सर्व परत गेले. मी बराच काळ त्यांच्या श्रद्धेलाच दोष देत होतो, ही माझी चूक होती. आमच्या शनिवारच्या सभेत खुर्चीवर बसून दीड तास ऐकण्याशिवाय त्यांना करण्यासारखे काहीच नव्हते. ज्याने आठवडाभर कमरेइतक्या गाळात उभे राहून काम केले, त्याला आम्ही मागच्या रांगेत बसवले.

नंतर आम्ही महिन्यातील एक शनिवार पूर्णपणे सेवेसाठी ठेवला. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची औषधे आणणे, बँकेत नेणे, शब्बाथ शाळेच्या (चर्चमधील रविवारच्या बायबल वर्गाच्या) मुलांचा अभ्यास घेणे, अशी कामे त्या दिवशी होतात. त्यांची यादी आता दोन अशा मुलांकडे आहे की जे २०१९ पूर्वी संघात नव्हते. लॉकडाऊनच्या काळात सभा ऑनलाइन गेली आणि ज्यांच्याकडे चांगला फोन नव्हता ते सुटून गेले, तेव्हाही याच दोघांनी साध्या फोनवरून एकेकाला बोलावून माणसे धरून ठेवली.

सातारा, गायकवृंदात गाणारे

साताऱ्याच्या माणसाने लिहावे आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण काढू नये, असे होत नाही. टिळकांनी १९१७ मध्ये याच गावात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना एका कुटुंबात आणावे, अशी त्यांची तळमळ होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. मी हे टीका म्हणून लिहीत नाही, कारण आमच्या मनात त्यांच्याविषयी केवळ आदर आहे. पण धाग्याचा प्रश्न वाचताना हे सारखे डोळ्यांपुढे येत राहिले. टिळकांची गीते मात्र शंभर वर्षांनंतरही दर रविवारी आमच्या ओठांवर असतात, कारण ती आईने मुलीला आणि आजोबांनी नातवाला शिकवली.

आमच्या संघात भांडण झाले ते याच गीतांवरून. तरुणांनी गिटार आणि कीबोर्डवर नवी स्तुतिगीते सुरू केली आणि वडीलधाऱ्यांनी तबला-पेटीचा आग्रह धरला. दोन वर्षे दोन्हीकडचे लोक एकमेकांशी धड बोलत नव्हते, आणि त्या दोन वर्षांत संघाने सहा चांगले गाणारे गमावले. शेवटी एका वृद्ध भगिनींनी, ज्यांना जुन्या अभंगांच्या आणि ओव्यांच्या चाली मुखोद्गत होत्या, स्वतःहून सांगितले की त्या बुधवारी संध्याकाळी घरी शिकवतील. पहिल्या दिवशी तीन मुले गेली. त्यांनी मुलांना गिटार बंद करायला सांगितले नाही. उलट अभंगाची चाल गिटारवर कुठे बसते हे त्या कान देऊन ऐकत राहिल्या. आज त्या नाहीत. त्यांच्या चालींपैकी चाळीसएक चाली मुलांनी फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत आणि युवक रविवारची उपासना त्याच चालींवर होते.

कोरेगाव तालुका

थोडक्यात लिहितो. आमच्याकडील मुले पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करतात, तर काही स्पर्धा परीक्षांची. धावणे पहाटे असते आणि बऱ्याचशा परीक्षा रविवारीच असतात. ‘तुम्ही उपासनेला येत नाही’ असे म्हणून आम्ही अनेकांना दुरावले. आता सभागृह रोज संध्याकाळी अभ्यासिका म्हणून उघडे असते, नऊ वाजता दहा मिनिटांची प्रार्थना होते आणि परीक्षेच्या आदल्या शनिवारी त्या मुलाला समोर उभे करून मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करते. भरतीत अपयश आलेल्या एका मुलाने मला सांगितले की त्या काळात रात्री नऊची ती दहा मिनिटेच त्याला आधार होती. अभ्यासिकेचे कुलूप उघडण्याची पाळी मुलांनी आपसांत वाटून घेतली आहे.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सांगली

मला एक खंत मांडायची आहे. येथे सर्वांनी ‘पुढचा नेता’ असा विचार केला, पण आमच्या संघात पुढचा नेता शोधताना निम्म्या माणसांकडे कोणी पाहतच नसे. मुलींनी नाताळाची सजावट करायची, चहा द्यायचा, नाटिकेत मरिया व्हायचे. हिशेब, वक्त्यांशी बोलणे आणि मनन मुलांकडे. तीन वर्षांपूर्वी अध्यक्ष आणि सचिव दोघेही एकाच महिन्यात पुण्याला गेले तेव्हा समितीने संघ ‘तूर्त स्थगित’ करण्याचे ठरवले. त्या बैठकीत आम्ही अकरा मुली उपस्थित होतो.

पाळकसाहेबांच्या पत्नी, ज्यांना आम्ही काकू म्हणतो, त्यांनी उठून विचारले की अकरा जणी इथे बसलेल्या असताना स्थगित करण्यासारखे काय आहे. मी त्या दिवसापासून सचिव आहे. पहिल्या वर्षी रात्रीच्या कॅरल फेरीला (नाताळची गीते गात घरोघरी जाण्याला) परवानगी मिळवण्यासाठी मला एकेका घरी जाऊन आई-वडिलांशी बोलावे लागले. आम्ही फेरी सायंकाळी साडेपाचला सुरू केली आणि साडेनऊला संपवली. त्यामुळे लहान मुले आणि वृद्धही आले, आणि दानही पूर्वीपेक्षा कमी झाले नाही.

शिक्षिका, वाई

शिबिरांविषयी एक गंभीर गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी पाचगणीला आम्ही मे महिन्यात तीन दिवसांचे शिबिर नेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेबललँडवरून परतताना एक पंधरा वर्षांचा मुलगा मागे राहिला. मुलांची यादी आणि पालकांचे क्रमांक फक्त शिबिरप्रमुखाच्या फोनमध्ये होते आणि त्या फोनची बॅटरी संपली होती. मुलगा सुखरूप मिळाला, पण त्या दीड तासात आमच्यापैकी एकालाही नेमकी किती मुले आहेत हे खात्रीने सांगता आले नाही. ‘सर्व काही एकाच माणसाकडे’ याचा अर्थ मला तेव्हा समजला.

आता यादी छापील असते आणि ती तिघांकडे असते. पालकांच्या सहीचे संमतीपत्र, औषधांची माहिती, मुलींच्या मुक्कामी प्रौढ महिला, आणि कोणताही प्रौढ एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही, हे नियम आम्ही लिहून ठेवले आहेत. तरुण संघात अठरा वर्षांखालील मुले असतात हे आपण विसरतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘मंडळीचे नाव खराब होईल’ म्हणून गप्प बसण्याची मुभा कोणालाही नाही, आणि माझ्या मते ती प्रभूनेही दिलेली नाही. नेतृत्व नव्या हातांत देताना सर्वांत आधी हीच नियमावली द्यावी.

मंडळीच्या समितीतील वडील, सातारा

वयाची सत्तरी ओलांडली आहे, म्हणून दोन शब्द अधिकाराने लिहितो. मुले संघ सोडून जातात असे आम्ही म्हणतो, परंतु आम्ही त्यांना काही दिले होते का? आमच्याकडे तरुण संघाचा निधी वर्षानुवर्षे एका दादांच्या वैयक्तिक खात्यात राहत असे. त्यांनी एक रुपयाही इकडे-तिकडे केला नाही, तरी ते गाव सोडून गेल्यावर हिशेब जुळवायला आम्हाला आठ महिने लागले आणि नाहक संशय निर्माण झाला. आता निधी मंडळीच्या नोंदणीकृत न्यासाच्या खात्यातच जमा होतो, वहीत त्याचे पान स्वतंत्र असते, दोन तरुण सही करतात आणि दर तीन महिन्यांनी तो उपासनेनंतर वाचून दाखवला जातो.

गणना पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात मोशे आपल्या जागी कोण येणार हे स्वतः जिवंत असताना देवाजवळ मागतो, आणि यहोशवाला सर्व मंडळीसमोर उभे करून आपल्या अधिकाराचा काही भाग त्याला देतो. आम्ही दर जूनमध्ये तेच करतो. जुने पदाधिकारी आणि नवे पदाधिकारी वेदीसमोर एकत्र उभे राहतात, पाळकसाहेब नव्यांवर हात ठेवून प्रार्थना करतात, आणि जुने तीन महिने सल्लागार म्हणून राहतात. तीन महिन्यांनंतर त्यांनी विचारल्याशिवाय बोलू नये, असा नियम मीच सुचवला होता आणि तो पाळणे सर्वांत जास्त मलाच कठीण गेले.

खानापूर तालुका

आमची मंडळी फार लहान आहे. तरुण मोजून सात. वरील पद्धती वाचून आनंद झाला, पण सातांत जोड्या किती आणि पदाधिकारी किती करणार? आम्ही जवळच्या तीन गावांतील मंडळ्यांशी बोललो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चारही ठिकाणचे तरुण पाळीपाळीने एका गावी जमतात. एसटीचे भाडे यजमान मंडळी देते आणि जेवण घरोघरी वाटून होते. मनन पाहुण्या गावाने द्यायचे असते, त्यामुळे प्रत्येक गावाला वर्षातून तीनदा तरी कोणाला तरी तयार करावेच लागते.

येत्या जूनमध्ये आमच्या सातांपैकी दोघे पुण्याला जाणार आहेत. त्यांतील एक तबला वाजवतो. त्याच्याजवळ नववीतला एक मुलगा गेल्या नाताळापासून बसतो आहे. त्याचा केरवा आता बऱ्यापैकी बसला आहे, दादरा अजून चुकतो. पुढच्या रविवारी चारही गावांसमोर पहिल्यांदा तोच वाजवणार आहे.