१५ इंची टॉपचा हॉर्न: एक मुका, एक दबका. डायफ्राम गेला की नेटवर्क?

मंडप_साउंड
पॅसिव्ह (बाहेरच्या अँपवर चालणाऱ्या) टॉप स्पीकरची जोडी आहे. १५ इंची वूफर, वर बारीक, चढ्या आवाजासाठी ४४ मिलिमीटर कॉइलचं हॉर्न युनिट, बॉक्स ८ ओम ५०० वॅट. डाव्याचा हॉर्न ठार बंद, बेस व्यवस्थित. उजव्याचा हॉर्न वाजतो, पण इतका दबका की कीर्तनात टाळ ऐकू येत नाहीत आणि शब्दही कळत नाहीत. स्पीकॉन केबल आणि अँपचे चॅनल अदलून-बदलून पाहिले, दोष बॉक्सबरोबरच राहतो. दुकानातून सल्ला मिळाला की दोन्ही डायफ्राम (युनिटमधला थरथरणारा घुमट, कॉइल त्यालाच चिकटलेली) नवीन टाका. त्याआधी खात्री कशी करायची? आणि नेटवर्कवर (वूफर आणि हॉर्नचा सिग्नल वेगळा करणारा बोर्ड) एक काचेचा बल्ब आहे, त्याचं काम काय?

कथील६०४०
डायफ्राम एवढ्यात घेऊ नका. डायफ्राम गेला की हॉर्न एकतर मुका होतो, नाहीतर फाटका, खरखरीत वाजतो. स्वच्छ पण हळू वाजत असेल तर आधी नेटवर्कवर संशय घ्यावा.

बॉक्सच्या मागे पॅसिव्ह-बायअँप स्विच असेल तर पहिल्यांदा तो पाहा. बायअँपवर (वूफर आणि हॉर्नला वेगवेगळे अँप) सरकलेला असला की हॉर्नला सिग्नल स्पीकॉनच्या २+ आणि २− वरूनच मिळतो, आणि दोन तारांच्या केबलीत त्या पिना रिकाम्या असतात. पावसाळ्यात या स्विचचे कॉन्टॅक्टही काळे पडतात, तेव्हा चार-पाचदा इकडून तिकडे फिरवून घ्या.

मग केबल काढून हॉर्न युनिटच्या दोन्ही तारा सोडवा. आधी मोबाईलवर फोटो घ्या, कुठल्या रंगाची तार कुठल्या टर्मिनलला होती ते पुढे लागेल. मल्टिमीटर २०० ओमवर ठेवा, दोन्ही टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा वजा धरा. ८ ओमच्या युनिटला साधारण साडेपाच ते साडेसहा ओम दिसतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर युनिटची कॉइल तुटली. आकडा बरोबर आला तरी कॉइल घासत असू शकते, म्हणून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. कोरडा, स्वच्छ ‘टक्’ यायला हवा.

आता नेटवर्क. युनिट सुटलेलंच असू द्या आणि युनिटकडे जाणाऱ्या दोन तारांमध्ये किती ओम येतात ते दोन्ही बॉक्सचं मोजा. नेटवर्कवरच्या भागांवर छापलेल्या किमतीही लिहा. त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

टॉप_बेस
एवढी उस्तवार कशाला भाऊ? युनिटच्या तारा डायरेक्ट अँपला लावा आणि गाणं सोडा. वाजलं तर युनिट चांगलं, नेटवर्क खराब. एका मिनिटात निकाल.

कथील६०४०
असं मुळीच करू नका. त्या डायफ्रामला मिलिमीटरचा काही अंशच हलायला जागा असते. कपॅसिटरशिवाय गाणं सोडलं की किक ड्रमचा पहिलाच ठोका त्याला फेज प्लगवर (घुमटासमोरचा पक्का ठोकळा) आपटतो, आणि चांगलं युनिट तपासता तपासता मरतं. गाण्यावरच तपासायचं असेल तर मध्ये ४.७ मायक्रोफॅरॅडचा नॉनपोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर हवा आणि व्हॉल्यूम अगदी बारीक.

मंडप_साउंड
स्विच दोन्हीकडे पॅसिव्हवर आहे. आकडे असे:

डावं युनिट: काहीच नाही. उजवं युनिट: ५.८ ओम, सेलवर ‘टक्’ स्वच्छ.
नेटवर्कच्या हॉर्नकडच्या तारा: डावीकडे १२ ओम, उजवीकडे ९.१ ओम.

भाग: ४.७ मायक्रोफॅरॅड कपॅसिटर सिरीजमध्ये, त्यानंतर ०.६८ मिलिहेन्रीची नेटवर्कची कॉइल ग्राउंडला, मग बल्ब आणि त्याला पॅरलल ३३ ओमचा रेझिस्टर, पुढे सिरीजमध्ये ४.७ ओम आणि शेवटी आउटपुटला पॅरलल १२ ओम. तिन्ही रेझिस्टर सिमेंटचे, १० वॅट. बल्बवर २४ व्होल्ट २१ वॅट लिहिलंय.

ओमचा_नियम
आकडे इतके बोलके आहेत की बोर्ड न बघताही सांगता येईल. कपॅसिटर डीसी अडवतो, त्यामुळे मीटरला दोनच वाटा दिसतात: १२ ओमचा रेझिस्टर, आणि त्याला पॅरलल ४.७ ओम, बल्ब व कॉइल अशी साखळी. थंड बल्ब साधारण २ ओम, कॉइल अर्धा ओम. साखळी ७.२, तिला १२ पॅरलल, म्हणजे चांगल्या नेटवर्कवर ४.५ ओम यायला हवेत.

उजवीकडे ९.१ येतात. साखळीत बल्बऐवजी फक्त ३३ ओम धरून हिशेब करा, बरोबर ९.१ येतो. बल्बची तार तुटली आहे. पॅरलल रेझिस्टर नसता तर हा हॉर्नही मुका झाला असता. आता तो सुमारे ११ डेसिबल खाली वाजतोय. बल्बचं काम संरक्षणाचं. जास्त करंट आला की तार तापते, तिचे २ ओम वाढत वाढत २५-२७ पर्यंत जातात आणि युनिटवरचा भार उतरतो. उजवा डायफ्राम त्यानेच वाचवलाय, त्याला हात लावू नका.

खरी गोम डावीकडे आहे. तिथे निव्वळ १२ ओम दिसतात, म्हणजे साखळी पूर्ण तुटलेली. नुसता बल्ब गेला असता तर ९.१ आले असते. ४.७ ओमचा रेझिस्टर उडाला असेल किंवा ०.६८ ची कॉइल सुटली असेल. माझा रोख कॉइलवर आहे, कारण युनिट मेलंय. रेझिस्टर उडाला असता तर युनिटला सिग्नलच गेला नसता आणि ते जिवंत सापडलं असतं. कॉइल सुटली की फिल्टर १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा ६ वर येतो. ७०० हर्ट्झच्या आसपास हॉर्नला जवळपास १२ डेसिबल जास्त सिग्नल जातो, आणि डायफ्राम त्यानेच फाटतो. नवीन डायफ्राम टाकून तसाच चालवला असता तर तोही गेला असता.

बोर्ड उलटा करून कॉइलच्या पायांभोवतीचं कथील भिंगाने बघा. केसाएवढी गोल चीर सापडेल. कॉइल जड, आणि बऱ्याच बोर्डांवर ती नुसत्या पायांवर उभी असते. टेम्पोतले हादरे आणि वूफरचा धक्का, दोन्ही त्या सोल्डरवर येतात. जुनं कथील पूर्ण ओढून काढा, पाय घासून ट्रॅकवर आडवा वाकवा आणि नव्याने सोल्डर करा. मग कॉइल केबल टायने बांधून न्यूट्रल सिलिकॉनने चिकटवा. आंबट वासाचं सिलिकॉन नको, ते तांबं खातं.

मंडप_साउंड
कॉइलच्या एका पायाला चीर आहे, बोट लावलं की हलतो. बल्ब एलईडीचा चालेल का? दुकानात तोच पुढे करतात. आणि डायफ्राम ओरिजिनलच घ्यावा का?

कथील६०४०
एलईडी अजिबात नाही. इथे उजेड नको आहे, तापणारी तार हवी आहे. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात ट्रक-बसच्या इंडिकेटरचा २४ व्होल्ट २१ वॅटचा साधा बल्ब मागा. १२ व्होल्टचा बसेल, पण त्याची तार वेगळी, हिशेब बिघडतो. तार टाकून बल्ब शॉर्ट करणं तर विसराच.

डायफ्राम ओरिजिनल मिळत असेल तर तोच. डुप्लिकेटमध्ये घोळ असा की कॉइल ४४ ची असते पण ८ ऐवजी १६ ओमची निघते, किंवा घुमटाची उंची जुळत नाही. दुकानातच मीटर लावून घ्या. घुमटाचा जिन्नसही तोच बघा. एकीकडे टायटॅनियम आणि दुसरीकडे पॉलिइमाइड असेल तर दोन बॉक्सचा सूर वेगळा लागतो.

बसवताना युनिटचं मागचं झाकण काढलं की गॅपमध्ये मास्किंग टेपची चिकट बाजू गोल फिरवा, जळक्या कॉइलचे कण निघेपर्यंत. लोखंडी स्क्रूड्रायव्हर जपून, मॅग्नेट तो खेचून थेट घुमटावर आदळवतं. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

तारा फोटोप्रमाणेच जोडा. अशा नेटवर्कमध्ये कंपनी बऱ्याचदा हॉर्न मुद्दाम उलटा जोडते, पुष्कळ जण ते ‘दुरुस्त’ करून ठेवतात आणि क्रॉसओव्हरजवळ, म्हणजे वूफर आणि हॉर्नचे सूर मिळतात तिथे, आवाजात खड्डा पडतो.

ओमचा_नियम
हाताशी आहे तर कपॅसिटरचा एक पाय उचलून मोजा, ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर फिल्मचाच घ्या, २५० व्होल्टचा. ५०० वॅटला ८ ओमवर शिखर ९० व्होल्टला टेकतं, १०० चा काठावर बसतो.

युनिट जोडण्याआधी दोन्ही नेटवर्क पुन्हा मोजा, ४.५ च्या आसपास यायला हवेत. मग बारीक आवाजात ३ किलोहर्ट्झ सोडून दोन्ही युनिटवरचे एसी व्होल्ट तोलून बघा. साधा मीटर एवढ्या वर खरा आकडा देत नाही, पण दोन्हीकडे सारखाच खोटा दाखवतो, तेवढं पुरतं.