साखरपुड्याची अंगठी: लॅबवाला हिरा की खाणीतला?

लग्नाळू_नाशिककर
नमस्कार मंडळी, डिसेंबरात साखरपुडा आहे, अंगठी बघतोय. कॉलेज रोडला एका दुकानात गेलो तर तिथल्या ताईंनी दोन ट्रे समोर ठेवले, एकात 30 सेंटचा, म्हणजे 0.30 कॅरेटचा नॅचरल, दुसऱ्यात अख्खा एक कॅरेटचा लॅबग्रोन, आणि दोन्ही माझ्या लाखाच्या बजेटमध्ये बसतायत!! मला तर काही फरक कळला नाही, मोठा होता तो आवडला. होणाऱ्या बायकोलाही मोठाच हवाय. आई म्हणते कारखान्यातला म्हणजे खडाच की रे, सुनेला खडा घालणार का. बाबा म्हणतात सोन्याचं वळं घे आणि विषय संपव. काय करू?

सराफगल्ली_नाशिक
वीस वर्षं सराफ बाजारात काम करतोय म्हणून सांगतो. आईंना सांग, खडा म्हणजे तो अमेरिकन डायमंड, झिरकोनियाचा. लॅबग्रोन हिराच आहे, कार्बनच, कडकपणा तोच, मोह्सच्या मापावर 10. आमचं पेनासारखं टेस्टर असतं ना, ते दोघांवर सारखंच वाजतं, फरक कळायला मोठं मशीन लागतं. सुरतेला हिऱ्याची पातळ चकती मशीनमध्ये ठेवतात, मिथेन वायू सोडतात, आणि थरावर थर बसत काही आठवड्यांत हिरा तयार. आता मशीनं वाढवली की माल वाढतो, माल वाढला की भाव पडतो, साधा हिशोब आहे. डी बिअर्ससारख्या खाणीतल्या हिऱ्यांच्या बड्या कंपनीने 2018 ला लाइटबॉक्स नावाने लॅबवाले दागिने 800 डॉलर कॅरेटने काढले आणि 2025 मध्ये तो ब्रँड बंद करतोय म्हणून जाहीर केलं, यावरून काय ते समज. हौस म्हणून घे, पुंजी म्हणून नको.

माहेर_पंचवटी
दादा बरोबर बोलले पण नॅचरल घेतला म्हणजे पैसे कुठे गेले नाहीत असंही नाही हं. माझ्या लग्नातल्या कुड्या, नॅचरल, सर्टिफिकेटवाल्या, गेल्या वर्षी मोडायला नेल्या तर दुसऱ्या दुकानात म्हणाले आमचा माल नाही, फक्त सोन्याचे धरू. हिऱ्याचे शून्य! मग जिथून घेतल्या तिथे गेले, बिल आईच्या कपाटात साडीच्या घडीत सापडलं नशिबाने, तर तिथे म्हणे रोख नाही, बदल्यात दुसरा दागिना घ्या, तोही कापून. रडूच आलं मला. तेव्हा आधी विचार, परत आणला तर काय द्याल, आणि ते बिलावर लिहून घे, तोंडी नको.

सिडको_चा_बाळ्या
आमच्या हिने लॅबवालाच घेतला, अडीच वर्षं झाली, भांडी घासते, कणीक मळते, काही झालं नाही. लोक विचारतात केवढ्याचा, आम्ही नुसतं हसतो 😄

लग्नाळू_नाशिककर
धन्यवाद सगळ्यांना! सोन्यावर हॉलमार्क आहे, सहा अक्षरी नंबरपण आहे, मग झालं ना?

सराफगल्ली_नाशिक
अरे तो एचयूआयडी सोन्याचा, हिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, इथेच लोक फसतात. हिऱ्याचा कागद वेगळा असतो, आयजीआय वगैरे हिरे तपासणाऱ्या संस्थेचा, त्यावरचा नंबर हिऱ्याच्या कडेला लेझरने कोरलेला असतो, दुकानात भिंग मागून स्वतः वाच आणि तिथल्या तिथे मोबाईलवर त्यांच्या साइटला टाकून बघ. बिलावर लॅबग्रोन का नॅचरल हे स्पष्ट हवं. आणि ग्रॉस वेट म्हणजे अख्ख्या अंगठीचं, नेट वेट म्हणजे नुसत्या सोन्याचं, वेगवेगळं लिहून घे, एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, तेवढं वजन सोन्यातून वजा झालंच पाहिजे, नाहीतर हिऱ्याचे पैसे देऊन वर तोच हिरा सोन्याच्या भावाने पुन्हा विकत घेशील. घडणावळ किती तेही आधीच विचार, हिऱ्याच्या अंगठीला जास्त लावतात.

लग्नाळू_नाशिककर
हे सगळं आईला वाचून दाखवलं. कुड्यांचं ऐकून ती गप्पच बसली, मग म्हणाली एवढं असेल तर वळंच बरं. बाबा तेव्हापासून शिट्टी वाजवत फिरतायत. आता हिला कोण सांगणार 😭

माहेर_पंचवटी
तूच सांग. आणि साखरपुड्याच्या आधी सांग.