स्टुडिओतलं रोजचं ऑनलाइन किती दाखवावं? (जलरंग, बेळगाव) – सल्ला हवा

शहापूरची_खिडकी

नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला राहते आणि जलरंगात काम करते. चार वर्षांपूर्वी शाळेतली ड्रॉइंग टीचरची नोकरी सोडली. माडीवरची खोली हाच स्टुडिओ. वर कौलं, उत्तरेला एकुलती एक खिडकी आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे पॉवरलूम. सकाळी आठला माग सुरू झाले की माझाही दिवस सुरू होतो.

इन्स्टाग्रामवर अकरा हजारांच्या आसपास लोक आहेत. ते कसे आले हे सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. एकदा रील टाकताना आवाज बंद करायचा राहून गेला. मागाची खटखट आणि ब्रशचे फटकारे असं काहीतरी ताल धरल्यासारखं झालं आणि त्या एका रीलवर चार हजार लोक वाढले. तेव्हापासून चित्र राहिलं बाजूला, लोकांना खटखट हवी असते. 'ताई, आज माग बंद का?' अशा कॉमेंट येतात. अहो, अमावास्येला सुट्टी असते त्यांना!

आता दिवसातले तीन तास फोन खातो. फोन वरून टांगायला मी स्टुलावर स्टूल, त्यावर पोळपाट आणि पोळपाटाला चिमटा असा मनोरा केलाय. फोकस बघायला उठते तोवर वॉशच्या, म्हणजे पातळ ओल्या रंगाच्या थराच्या, कडा वाळलेल्या असतात. मागच्या वर्षी चोवीस हाफ शीट (अर्ध्या कागदावरची चित्रं) झाल्या होत्या, यंदा आषाढ संपत आला तरी सातच. आणि खरं दुखणं पुढेच आहे. सध्या शेजारच्या मागकामगारांवर मालिका करतेय. अर्धवट चित्र टाकलं की कुणीतरी लिहितं, 'निळा जरा जास्त झालाय', आणि दुसऱ्या दिवशी मी खरोखर निळा कमी केलेला असतो.

तर, किती दाखवावं आणि कधी? कोणत्या भाषेत लिहावं? मराठीत लिहिलं की हुबळी-धारवाडची मंडळी गप्प, इंग्रजीत लिहिलं की आमच्या आत्या-मावश्या गप्प. आणि कोल्हापूर-पुण्याची गिऱ्हाइकं चित्र मागतात तेव्हा पॅकिंग नि टॅक्सचं काय करता? 'छंद म्हणून कर की' असं सांगायला घरचे आहेत, ते इथे नको.

तिसरं_गेट

अक्का, खटखटीचा रिंगटोन करून विक. चित्रं निवांत काढ.

खानापूरची_माती

ताई, मी कुंभारकाम करतो. खानापूरला खादी ग्रामोद्योगाची जी पॉटरीची संस्था आहे तिथे शिकलो, आता स्वतःचं चाक आणि भट्टी आहे. तुमचं निळ्याचं दुखणं मी भोगून झालोय. माझं निळं नव्हतं, सुरईची मान होती. चाकावर असतानाच फोटो टाकायचो, लोक म्हणायचे मान उंच हवी. उंच केली. भट्टीत सहापैकी चार वाकल्या.

त्यानंतर एक नियम केला. भट्टी उघडेपर्यंत त्या खेपेचं काही बाहेर जाणार नाही. चित्राला भट्टी नसते हे कळतं, पण तुम्ही स्वतः एक ठरवा. सही झाली म्हणजे भट्टी उघडली. सहीच्या आधीचं शूटिंग खुशाल करा, फोनमध्ये पडू दे, टाका मात्र नंतर. बघणाऱ्याला ते आजचं की महिन्यापूर्वीचं, काय कळतंय? 'आत्ता चाललंय' असं दाखवायची सक्ती आपणच आपल्यावर करून घेतो.

दुसरं म्हणजे कामाच्या जागी फोन दर दिवशी न्यायचा नाही. मी बुधवारी नेतो. त्या दिवशी माती मळणं, चाळणं, रंग कुटणं असली कामं काढतो. ती बघायला छान दिसतात आणि मधे थांबलं तरी काही बिघडत नाही. तुमच्याकडे कागद ताणून टेप लावणं, पॅलेट धुणं, पेन्सिलीचं रेखाटन, ब्रशांची निगा हे सगळं आहे. ओला वॉश कॅमेऱ्यासमोर कशाला? ऑपरेशन चालू असताना डॉक्टर फोटो काढत बसतो काय? मनोराही मोडा. पोळपाट स्वयंपाकघरात परत द्या, घरचे निम्मे तिथेच खूश होतील.

तिसरं जरा सविस्तर सांगतो, कारण पोट त्यावर चालतं. अकरा हजार ही लोकांची वर्दळ आहे, गिऱ्हाईक नव्हे. माझ्याकडे साडेसहा हजार आहेत, पण गेल्या दोन वर्षांत ज्यांनी पैसे देऊन भांडी नेली ते सगळे मिळून नव्वदेक जण भरतील. त्या नव्वदांची व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी केलीय. यादीत 256 जण मावतात, तेवढी गरजही नाही. एक लक्षात ठेवा, समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर ब्रॉडकास्ट त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून माल देतानाच सांगायचं, 'नंबर सेव्ह करा, भट्टी उघडली की कळवतो.' महिन्यातून एक मेसेज, जास्त नाही. आधी यादीला, दोन दिवसांनी इन्स्टाग्रामवर. बहुतेक वेळा इन्स्टाग्रामवर टाकेपर्यंत निम्मं गेलेलं असतं, मग तिथे 'गेलं' असं लिहायला मजा येते!

यादी कुठून आणायची म्हणाल तर माणसं भेटतात तिथून. जानेवारीत बेंगळूरला चित्रकला परिषतेची चित्रसंते, म्हणजे चित्रांचा बाजार, भरते, 2003 पासून चालू आहे. कुमारकृपा रस्ता दिवसभर चित्रांनी भरलेला असतो. रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडून जाता येतं. मित्राबरोबर गेलो होतो, त्याची चित्रं किती विकली ते सोडा, पण वहीत साठ नंबर घेऊन आला.

कोल्हापुरी_माउंटवाला

फ्रेमिंगचं दुकान आहे, त्यामुळे फुटून-भिजून आलेली चित्रं रोज बघतो. हाफ शीटपर्यंत गुंडाळू नका. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद गुंडाळला की गिऱ्हाइकाकडे आठवडाभर पापडासारखा वळलेला राहतो. चित्रावर ग्लासाइन पेपर, तो नसेल तर चांगला बटर पेपर. मग सीलबंद प्लास्टिक पिशवी, आणि दोन्ही बाजूंना चित्रापेक्षा दोन इंच मोठे कोरुगेटेड पुठ्ठे, एकाच्या रेषा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. असं केलं की पुठ्ठा दुमडत नाही. तुमच्याकडे आणि आमच्याकडे पाऊस सारखाच, तेव्हा पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका. काचेसकट चित्र पाठवायचं धाडस कधीच करू नका, फ्रेम गिऱ्हाइकाला त्याच्या गावात करू दे. माझ्या धंद्यालाही बरं.

फोटोबद्दल सांगायचं तर ढगाळ दिवशी खिडकीशी, फ्लॅश न लावता काढा. चित्र भिंतीला टेकून सरळ, फोन बरोबर चित्राच्या मध्यावर. पिवळा बल्ब आणि खिडकीचा उजेड एकत्र आला की कागद कधीच पांढरा दिसत नाही. गिऱ्हाईक तक्रार करतं ती बहुतेक रंगाचीच.

जुना_मास्तर

मी सत्तरीचा आहे, मला रील कळत नाही. पण बेळगावात चित्रकाराचं कसं चालायचं ते थोडं पाहिलंय. के. बी. कुलकर्णी सरांनी इथे बसून विद्यार्थी घडवले. रवी परांजपे त्यांच्याच हाताखालचे, जन्म बेळगावचा, 1935 सालचा, नाव पुढे सगळीकडे झालं. तेव्हा काम दाखवायचं म्हणजे पोर्टफोलिओ काखेत मारून दारोदार जायचं. त्यातही वेळ जायचाच, फक्त चालायचा व्यायाम व्हायचा.

मला काळजी वेगळी आहे. पडद्यावर झगमगणारे रंग तरुण मुलं वापरतात, ओपेरा रोझसारखे. फोनवर फार गोड दिसतात. पण उजेडात ते टिकत नाहीत. जुन्या अलिझरिन क्रिमझनचंही तेच. आठ हजार मोजून नेलेलं चित्र पाच वर्षांत फिकं पडलं तर तो माणूस परत येणार नाही. ट्यूबवरचा पिगमेंटचा (रंगद्रव्याचा) नंबर आणि लाइटफास्टनेस, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो ते, बघून रंग घ्या, आणि चित्रामागे कागद नि रंग कोणते ते पेन्सिलीने लिहा. बुरशीसाठी चित्रं भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून वारा हवा.

निपाणीकर

टॅक्सचं मी सांगतो, हिशेबाचं काम करतो. बेळगावहून हुबळी आणि कोल्हापूर जवळपास सारखंच लांब. पण कोगनोळी नाका ओलांडला की राज्य बदललं आणि विक्री आंतरराज्य झाली. माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते, हा सर्वसाधारण नियम. मात्र हस्तकलेच्या वस्तूंना ठरावीक उलाढालीपर्यंत यातून सूट दिलेली आहे आणि त्या यादीत हाताने काढलेली चित्रं येतात. अट अशी की पॅन हवा आणि ई-वे बिल (माल पाठवतानाचं ऑनलाइन बिल) करायला हवं. प्रिंट काढून विकणार असाल तर तो छापील माल, त्याला ही सूट आपोआप लागते असं धरू नका. एकदा सीएसमोर बसून कागद करून घ्या, दरवेळी विचारावं लागत नाही.

काळी_शाई

एक भर घालते. ताई, पोर्ट्रेटची कामं घेत असाल तर सांभाळून. एरवी मूळ चित्र विकलं तरी कॉपीराइट आपल्याकडेच राहतो, लेखी दिल्याशिवाय जात नाही. पण पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून पोर्ट्रेट काढलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कॉपीराइटचा पहिला मालक ते काढायला सांगणारा. म्हणजे त्याची रील तुम्ही टाकावी की नाही हे तो म्हणू शकतो. मी एका लग्नाच्या पोर्ट्रेटची रील टाकली आणि तिकडून वकिलाची भाषा सुरू झाली. आता ॲडव्हान्स घेतानाच व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून घेते, 'कॉपीराइट चित्रकाराकडे, फोटो-व्हिडिओ दाखवण्याची परवानगी आहे', आणि त्याचं 'होय' आल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही.

किंमत इंचावर लावा. लांबी गुणिले रुंदी गुणिले दर. 11 बाय 15 म्हणजे 165 चौरस इंच, 25 रुपये दराने 4125. हाफ शीट 330 इंच, 8250. 'नातेवाईक दर' विचारणाऱ्यांना इंच दाखवता येतात.

सीमाभागी

भाषेचा मुद्दा कुणीच घेतला नाही. मराठीतच लिहा! आपणच आपली भाषा...

धारवाडकर_मराठी

...आणि विकायचं कुणाला? माझ्या कन्नड मित्रांनी यांचं चित्र घेतलंय, मीच दाखवलं म्हणून. कॅप्शन त्यांना वाचता आलं असतं तर मी मधे लागलो नसतो.

सीमाभागी

मुद्दा विक्रीचा नाही, अस्मितेचा आहे.

तिसरं_गेट

मंडळी, यासाठी साठ-सत्तर वर्षं जुना वेगळा धागा चालू आहे, तिकडे जावा की. अक्काला चित्र विकायचंय.

खानापूरची_माती

मी वर मराठी, खाली दोन ओळी कन्नड असं लिहितो. कन्नड ओळी शेजारच्या मास्तरांकडून तपासून घेतो, मशीनवर सोडत नाही. एकदा मशीनने 'भाजलेली भांडी'चं असं काही केलं होतं की गिऱ्हाईक विचारत होतं, खायचं कसं. इंग्रजी फक्त माप आणि किंमत. अजून कुणी भांडलेलं नाही.

शहापूरची_खिडकी

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, म्हणजे करून बघून.

पोळपाट परत दिला. फोन फक्त बुधवारी माडीवर येतो, एरवी खाली देवघराशेजारी चार्जिंगला. पहिल्या आठवड्यात हात शिवशिवत होते. वॉश उतरला की 'हे घ्यायला हवं होतं' असं वाटायचं. दुसऱ्या आठवड्यात तीन हाफ शीट झाल्या. निळा आहे तेवढाच आहे.

यादी केली तर एक्केचाळीस जण निघाले. मला वीस वाटले होते. सात जणांनी नंबर सेव्हच केला नव्हता, त्यांना फोन केले. त्यातल्या एका धारवाडच्या बाईंनी फोनवरच विचारलं, नवीन काय आहे? एक चित्र असं फोनवर गेलं, फोटो नंतर बघितला त्यांनी.

रील कमी झाल्यावर चारेकशे लोक गळाले. दोन दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट तुम्ही कुणी विचारली नाही, पण इथे लिहायला हवी. मागकामगारांच्या चित्रांमध्ये शेजारच्या काकींचा चेहरा आहे. मी चार महिने त्यांच्या खटखटीवर लोक जमवले आणि एकदाही त्यांना विचारलं नव्हतं. शेवटी चित्र घेऊन गेले. त्यांनी चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, 'ताण्याचा धागा तुटला की मी अशी उभी राहून गाठ मारते काय? वाकून मारते बघ.' आणि माग थांबवून करून दाखवलं. आता ते चित्र पुन्हा काढतेय, यावेळी फुल शीटवर. इन्स्टाग्रामवर टाकायला हरकत नाही म्हणाल्या, फक्त लुगडं धुतलेलं दाखव.

@कोल्हापुरी_माउंटवाला, फुल शीट पुण्याला जायचीय. ती तरी पाइपात घालू का? तीन इंची पीव्हीसी घरात पडलाय.

कोल्हापुरी_माउंटवाला

फुल शीटला चालेल, पण चार इंचीच्या खाली जाऊ नका. दोन्ही टोकांना टोपणं आणि आत बटर पेपर. तीन इंची पन्हाळीला वापरा.