मदत हवी आहे: पेंड बंद करून कोंबड्यांना बीएसएफ अळ्या दिल्या, आता विष्ठा बदललीय आणि अंडी कमी झालीत

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज.

माझ्याकडे ४० कावेरी कोंबड्या आहेत, घरामागच्या शेडमध्ये, वय साधारण ३६ आठवडे. रोज २६-२७ अंडी यायची. सोयापेंड परवडेना म्हणून काळ्या सैनिक माशीच्या, म्हणजे बीएसएफच्या अळ्या घरीच ड्रममध्ये वाढवायला घेतल्या, खाद्य म्हणून घरचा भाजीपाला आणि जवळच्या खाणावळीतलं उरलेलं अन्न. अळ्या मस्त झाल्या, कोंबड्या तर डबा दिसला की धावतच येतात. मग मी काय केलं, एका दिवसात पेंड पूर्ण बंद केली आणि मका भरडा, कणी, मिनरल मिक्स, शिंपल्याचा चुरा आणि रोज अडीच किलो जिवंत अळ्या असं चालू केलं.

आता तिसरा आठवडा चालू आहे. विष्ठा पातळ झालीय, आणि ती तपकिरी चिकट विष्ठा असते ना, जी सीकममधून, म्हणजे आतड्याला जोडलेल्या बंद पिशव्यांमधून येते, ती आधी आठ-दहा वेळातून एकदा दिसायची, आता सारखी दिसते आणि वास आंबूस. अंडी १९-२० वर आलीत, आकारही लहान वाटतोय. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बघितलं, रक्त नाही, जंत नाहीत, मानमोडीची लस झालेली आहे. औषधाच्या दुकानात सांगितलं की पाच दिवस पाण्यातून अँटिबायोटिक द्या. मला ते अजिबात नकोय, कारण बिघडलंय ते पोटातल्या जंतूंचं गणित असं मला वाटतंय आणि त्यांनाच मारून काय मिळवायचं?

थोडं वाचलं ते सांगते. अळीच्या कातडीत कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. कोंबडीच्या जठरात ते तोडणारं एन्झाइम असतं पण सगळं काही पचत नाही, उरलेलं सीकममध्ये जातं आणि तिथले जंतू ते आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, जे आतड्याच्या अस्तराला पोसतं. इटलीत २०१७ साली अंड्यावरच्या कोंबड्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, सोयापेंड पूर्ण काढून बीएसएफ पीठ दिलं तर सीकममधले जंतू बदलले आणि ब्युटिरेट वाढलं. हे वाचूनच मला हिंमत आली होती. मग माझ्याकडे उलटं का होतंय? मी थांबू की जंतूंना रुळायला अजून वेळ देऊ? आणि पुढच्या महिन्यात पिल्लं आणायचीत, त्यांना अळ्या चालतील का?

प्रतिसाद:

ताई, पहिलं म्हणजे अँटिबायोटिक दिलं नाहीत ते फार बरं केलंत, रोगाचं निदान नसताना देऊच नका.

आता हिशोब बघा. जिवंत अळीत तीन भागांतले साधारण दोन भाग पाणी. अडीच किलोची कोरडी अळी झाली ८५० ग्रॅमच्या आसपास. ४० कोंबड्यांचं दिवसाचं खाणं ११० ग्रॅमने धरलं तर ४.४ किलो. म्हणजे तुम्ही जवळपास २० टक्के अळी देताय! ब्रॉयलरवरच्या प्रयोगात ५ टक्क्यांना जंतूंवर चांगला परिणाम दिसला आणि १५ टक्क्यांना उलटा, जंतूंची विविधता घटली, उपयोगी जंतू कमी झाले आणि आतड्याचा चिकट थर खाणारे वाढले. अंड्यावरच्या कोंबड्यांना तोच आकडा लागू होईल असं नाही, पण दिशा कळते. आणि इटलीतल्या ज्या कोंबड्यांचं तुम्ही म्हणताय त्यांची अंडीसुद्धा सोयावाल्यांपेक्षा कमी आणि हलकी होती, ते बहुतेक तुमच्या वाचनात आलं नाही.

शिवाय तुमची अळी तेलासकट जातेय, कोरड्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या घरात चरबी असू शकते. त्यात लॉरिक ॲसिड (चरबीतलं एक आम्ल) भरपूर, जे काही जंतूंना मारतं. आणि पेंड काढल्यावर नुसतं प्रोटीन नाही गेलं, पेंडेतल्या ज्या साखरेवर सीकममधले जंतू जगतात तीही गेली. एका रात्रीत त्यांचं ताटच बदललं हो.

मी असतो तर पेंड परत आणली असती आणि जिवंत अळी ६०० ग्रॅमवर, म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपास, आणली असती, तीन आठवडे तेवढीच, मग विष्ठा आणि अंडी बघून पुढे. खाणावळीतलं अन्न मात्र आजच बंद करा. मीठ, तेल आणि साल्मोनेला हा रोगजंतू, तिन्हीचा धोका. युरोपात २०२१ पासून कोंबड्यांना कीटकांचं प्रोटीन चालतं, पण त्या कीटकांना हॉटेलचा उरलेला माल घालायला तिथे बंदी आहे. अळ्या उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं ठेवून, निथळून द्या. पिल्लांना पहिले काही आठवडे नुसतं स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्यच द्या, त्यांचे जंतू आत्ता कुठे बसत असतात.

मी:

दादा, मी ओल्या अळीचंच वजन धरत होते, कोरडा हिशोब डोक्यातच आला नाही. पेंड उद्याच आणते. एकच विचारते, ड्रममधल्या आत्ताच्या अळ्या खाणावळीच्या अन्नावरच वाढल्यात, त्या उकळून दिल्या तर चालतील की सगळ्या खताला टाकू?

प्रतिसाद:

उकळून जंतू मरतील, मीठ जाणार नाही. खताला टाका, आणि नवीन बॅच भाजीपाल्यावर आणि कोंड्यावर लावा.